दोन मेंढ्यांचा डोस

मणक्याला मार लागून खाटेवर पडलेला माणूस आणि त्याच्याजवळ स्टुलावर बसलेला त्याचा माणूस, या दोघांसाठी हे लिहितो आहे. डॉक्टरांना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी बारावी नापास. बिडकीनच्या बाजूला एका कंपनीत मशीनवर होतो. घर गंगापूर तालुक्यात, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. ती आता माझा थोरला भाऊ भानुदास सांभाळतो, त्याला मी दादा म्हणतो. आमच्याकडे वाडवडिलांपासून दोनच गोष्टी चालत आल्या, मेंढरं आणि राग. मेंढरं दादाच्या वाट्याला गेली. राग आम्ही सारखा वाटून घेतला.

सूज उतरवणाऱ्या औषधांबद्दल यात बरंच येईल. कारण त्या औषधांनी मला थोडं दिलं, पुष्कळ नेलं, आणि माझ्या भावाला जवळजवळ तुरुंगात घातलं. नेमकं सांगायचं तर भावाला मी घातलं. नाव औषधाचं झालं.

कातरणी

होळीच्या आधी आम्ही मेंढरं कातरतो. मी आठवडी सुट्टी साधून मदतीला गेलो होतो. मेंढीचे पाय बांधून तिला आडवी पाडायची आणि कातर अंगालगत चालवायची, पण कातडीला धक्का लागू द्यायचा नाही. लहानपणी हे मला झकास जमायचं. त्या दिवशी तिसऱ्याच मेंढीच्या पोटाखाली माझ्या हातून बोटभर चीर गेली.

दादानं तिथं हळद दाबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "कंपनीत जाऊन हात मऊ झालेत तुझे. ऱ्हाऊ दे, तुझ्यानं नाय व्हत."

एवढंच बोलला. मग जे झालं ते मी पुढं दवाखान्यात वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगितलं. मधला एक तुकडा मी इथंही मागं ठेवतो, त्याची जागा आली की सांगेन. शेवट मात्र असा की दादानं डोकं खाली घातलं आणि एडका घुसतो तसा माझ्या पोटात घुसला. मी मागच्या मागं उडालो. मागं मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती. तिच्या काठावर माझी कंबर आदळली आणि वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो माझ्या आतून आला होता.

पहिला विचार काय आला असेल? देव नाही, बायको नाही. उठायचं आणि याचा जीव घ्यायचा, हाच विचार आला. मी हात टेकले, जोर लावला, आणि कंबरेच्या खाली काहीच हललं नाही. माझे पाय माझ्यासमोर पडले होते आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तो धावत जाऊन मेंढरांच्या औषधांची पिशवी घेऊन आला. आमच्याकडे डॉक्टरची वाट कोण बघतो? लंगडणारी मेंढी असो नाहीतर सुजलेली कास असो, सुई दादाच मारतो, आणि त्याचा हात चांगला आहे. त्यानं सूज आणि दुखणं उतरवायचं मेंढरांचं इंजेक्शन भरलं आणि माझ्या दंडात टोचलं. मेंढीपेक्षा मी जड, म्हणून दोन मेंढ्यांचा डोस दिला.

मग आजारी मेंढी उचलतात तसं त्यानं मला उचललं. दोन्ही हात एका बाजूला, दोन्ही पाय दुसऱ्या बाजूला, मानेवर आडवं. पाठीतून अशी कळ गेली की मी त्याच्या खांद्याला कडकडून चावलो. तोंडात रक्ताची चव आली. त्यानं मला सोडलं नाही, तसाच रस्त्यापर्यंत पळत गेला.

हे वाचणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. पाठीवर पडलेल्या माणसाला असं उचलायचं नाही. दार काढा, फळी आणा, चौघांनी मिळून लाकडासारखं सरळ ठेवून न्या. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मेंढीला असंच नेतात आणि मेंढी बरी होते, इतकंच आम्हाला माहीत होतं.

"आधी काही दिलं का?"

काळीपिवळी जीपच्या मागच्या बाकावर मला टाकलं. वाळूज ओलांडेपर्यंत मी शुद्धीवर होतो, कारण प्रत्येक खड्ड्याला मी दादाला एक शिवी देत होतो. शहरालगतच्या लष्करी छावणीतल्या गतिरोधकांवर शिव्या संपल्या आणि नुसतं ओरडणं उरलं.

शहरातल्या दवाखान्यात अपघात विभागात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. बोलायला नीट, पण नजर कडक. कसं लागलं, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, मेंढरांना फांद्या तोडताना बाभळीवरून पडला. त्याच्या स्वतःच्या कानशिलावर रक्त वाळलेलं होतं. हे कशानं, असं विचारल्यावर म्हणाला, मेंढ्यानं मारलं. मग त्यांनी विचारलं, इथं आणण्याआधी काही औषध, गोळी, इंजेक्शन दिलं का?

दादा म्हणाला, "काही नाय दिलं."

मी तिथंच पडलो होतो, जागा होतो. मीही बोललो नाही. जनावराचं औषध माणसाला दिलं म्हटल्यावर या बाई काय म्हणतील, याची लाज वाटली. पाय गेलेले असताना मला लाज वाटली. माणूस कशाला घाबरेल काही सांगता येत नाही.

मॅडमनी आम्हाला साध्या भाषेत समजावलं. मणक्याच्या हाडांच्या आत नसांची दोरी असते. मार बसला त्या घडीला जे तुटायचं ते तुटतं. पण पुढं काही तास ती दोरी सुजत जाते, हाडाच्या नळीत तिला फुगायला जागा नसते, आणि मग सुजेनंच ती आणखी मरते. ती सूज दाबायला मोठ्या मात्रेत स्टेरॉईड देता येतं, पण द्यायचं तर पहिल्या आठ तासांतच. "मी खोटी आशा देणार नाही," त्या म्हणाल्या. "काही डॉक्टर हे देतात, काही देत नाहीत. झाला तर थोडा फायदा होईल. साखर वाढेल, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, डोकंही फिरू शकतं. आमचे सर द्यावं म्हणतात. तुम्ही ठरवा."

दादानं मला विचारलं नाही. "द्या," म्हणाला, आणि कागदावर सही केली.

बाटली

चोवीस तास ते औषध थेंब थेंब माझ्या अंगात गेलं. तोंड कडू झालं, चेहरा तापला, झोप उडाली. आणि राग आला. राग मला नवा नव्हता, पण हा वेगळा होता. त्याला खाली तळच नव्हता. पंख्याचा आवाज झाला की पंखा उपटून टाकावासा वाटायचा. शेजारच्या खाटेवर बशीरभाई होते, इमारतीला रंग देताना परांची तुटून पडलेले. ते आपल्या मुलीशी फोनवर हळू आवाजात बोलायचे तरी मी त्यांच्यावर भुंकायचो. ते म्हणायचे, "गुस्सा नक्को करो भाई, अपनी तो पीठ टूटी है, जबान काय कू तोड रे?" मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. माझी बायको मंगल दोन दिवस स्टुलावर बसून होती. ती पाणी पाजायला वाकली तरी मला वाटायचं ही मला हसते आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात आग पडली आणि मी रक्त ओकलो. आधी काळपट, मग लाल. चादर, मंगलचा पदर, नर्सताईंचे हात, सगळं भरलं. मला वाटलं संपलं. नाकातून पोटात नळी घातली, रक्ताच्या पिशव्या लागल्या. डॉक्टर मॅडम धावत आल्या आणि खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या दादाला म्हणाल्या, "आता खरं सांगा. आधी काय दिलं?"

दादानं शर्टाच्या खिशातून रिकामी बाटली काढली. दोन दिवस त्यानं ती जवळ बाळगली होती. वरच्या कागदावर मेंढीचं चित्र होतं.

मॅडमनी ती वाचली. मग म्हणाल्या, हेही सूज उतरवायचंच औषध आहे, पण दुसऱ्या जातीचं. पोटाला आधीच जाळणारं. त्यावर आम्ही आमचं दिलं. दोन्ही मिळून पोट फाटलं. आधी कळलं असतं तर आम्ही कदाचित दिलंच नसतं. "किती दिलं?"

"दोन मेंढ्यांचं," दादा म्हणाला. "ह्यो साठ किलोचा हाय म्हून."

हसू नका. त्याच्यापाशी जे ज्ञान होतं ते त्यानं सगळं माझ्यासाठी लावलं होतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात ते औषध बसलं होतं आणि औषधाच्या खाली मी बसलो होतो. दवाखान्याच्या चौकीतले हवालदार अपघाताची नोंद पुरी करायला आले तेव्हा मी नाकात नळी असताना, धापा टाकत, सगळं सांगितलं. बाभूळ खोटी. भावानं मला मारून डोणीवर पाडलं. मेलो नाही म्हणून वर जनावराचं विष टोचलं. मग मुद्दाम उलटा उचलला, मणका पुरता मोडावा म्हणून. हवालदार लिहीत गेले. मी अंगठा नाही, सही केली. अक्षरही चांगलं आलं.

संध्याकाळी दादाला घेऊन गेले. जाताना त्यानं मंगलला सांगितलं की दर दोन तासांनी याला कुशीवर वळवा, पडून राहिलेल्या मेंढीच्या अंगाला जखमा पडतात. मी भिंतीकडे बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायला जड जातं, पण मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मंगल म्हणाली, जबाब मागं घ्या. उशाशी स्टीलचा पेला होता. तो मी तिच्या तोंडावर फेकून मारला. भुवई फुटली, तीन टाके पडले. नर्सताईंनी माझे दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना पट्टीनं बांधले. पाय देवानं बांधले होते, हात माणसांनी बांधले.

उतार

स्टेरॉईडची बाटली कधीच संपली होती, पण तिचा अंमल उतरायला आणखी दोन-तीन दिवस गेले. पोटातलं रक्त थांबलं. मग ऑपरेशन झालं, पाठीत सळया बसल्या. एका सकाळी जाग आली तर पंखा नुसता पंखा होता. बशीरभाईंनी आपल्या डब्यातली अर्धी खिचडी माझ्याकडे सरकवली, जणू मी त्यांना काही बोललोच नव्हतो. त्या खिचडीवर मी रडलो. ते म्हणाले, "नमक कम है क्या?"

डॉक्टर मॅडमनी सांगितलं की एवढ्या मात्रेत हे औषध काहींच्या डोक्यावर असा परिणाम करतं. तुमचा दोष नाही, मनाला लावून घेऊ नका.

ते ऐकून मला केवढा सुटका झाल्यासारखा आनंद झाला! भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगू लागलो. औषध बोललं हो, मी नाही. जबाब औषधानं दिला. पेला औषधानं फेकला. पाहुणेही माना डोलवायचे, बिचारा म्हणायचे. आणि दादा तिकडे कोठडीतच होता.

मंगल एक दिवस माझं अंग पुसत होती. भुवईवर पट्टी, डोळा अजून निळा. मी तिलाही तेच सांगायला गेलो. तिनं फडकं बादलीत पिळलं आणि म्हणाली, "औषधाचं नाव मला सांगू नका. तुमचा राग मी लग्नापासून वळखते. औषधानं निस्ता मोठा केला. तुमच्यात नव्हतं ते औषध कुठून आणंल?"

ती माझी पाठ पुसत राहिली.

रात्रभर विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोपेची गोळी होती, मी झोपलो. पण सकाळी उठल्यावर तिचं बोलणं तिथंच उभं होतं. दुपारी मी नर्सताईंना हवालदारांना बोलवायला सांगितलं.

आता तो मागं ठेवलेला तुकडा सांगतो. दादा म्हणाला, तुझ्यानं नाय व्हत, आणि माझ्या हातात कातर होती. लोखंडी, जड. ती मुठीत उलटी धरून मी त्याच्या कानशिलात हाणली. पूर्ण ताकदीनं. तो गुडघ्यावर आला. मी दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा तो उठला आणि डोकं खाली घालून घुसला. त्यानं मला मारलं नाही, त्यानं स्वतःला वाचवलं. दवाखान्यात त्याचा कान बघून विचारलं तेव्हा मेंढ्यानं मारलं म्हणाला. दोन दिवस त्यानं माझा हात मेंढ्याच्या नावावर खपवला, आणि मी त्याचं औषध विष म्हणून लिहून दिलं. त्या दिवशी कातर हाणली तेव्हा माझ्या अंगात कुठलंही औषध नव्हतं.

"पहिला हात माझा व्हता, साहेब," मी हवालदारांना म्हणालो. "त्याचा कान बघा. अजून सुजलेला आसंल."

हवालदार वैतागले. आधी बाभूळ, मग भाऊ, आता तुम्ही, म्हणाले, उद्या मेंढीचं नाव घ्याल. पण त्यांनी लिहून घेतलं. दादा दोन दिवसांनी जामिनावर आला. कागद एकदा लिहिला की मेंढरासारखा हाकून माघारी आणता येत नाही. तारखा अजून पडतात. आम्ही दोघं एकाच जीपनं जातो आणि एकाच बाकावर बसतो.

डोणी

कोठडीतून सुटून दादा थेट वॉर्डात आला. दाढी वाढलेली, कानशिलावर खपली. मला वाटलं आता तो बोलेल, आणि बोलला तर मी ऐकून घेणार होतो. त्यानं माझ्या पाठीखाली हात घातला, मला कुशीवर वळवलं आणि माकडहाडाजवळ बघितलं. तिथं जखम पडायला लागली होती. मग मंगलला म्हणाला, "दोन तास म्हणलो व्हतो ना?"

ती म्हणाली, मी एकटी होते. तो खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला.

नंतर दीड महिना दर दोन तासांनी त्यानं मला वळवलं. लघवीची नळी कशी लावायची, ते मंगलच्या आधी तो शिकला. व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणायच्या, यांचा हात फार हलका आहे. मेंढरांच्या औषधांची पिशवी मात्र त्यानं वहिनीकडे देऊन टाकली. लंगडणारी मेंढी आता गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे जाते.

एकदा दुपारी माझा पाय दाबता दाबता त्यानं विचारलं, "मी उचललं म्हून गेले का रं पाय?"

हा प्रश्न मी डॉक्टर मॅडमना आधीच विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या की किती मार पडण्यानं, किती उचलण्यानं, आणि औषधानं काही वाचलं की नाही, हे वेगळं करून कुणीच सांगू शकत नाही. उजव्या पायाचा अंगठा हलतो, तेवढं धरून चाला. हे दादाला जसंच्या तसं सांगायला हवं होतं. या सगळ्यातून मी शिकलो ते हेच, की खरं सांगावं.

"डोणीनं गेले," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणल्या."

तो बराच वेळ पाय दाबत राहिला.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. आधी जे काही दिलं असेल, गोळी, काढा, लेप, जनावराचं इंजेक्शन, ते लाज सोडून डॉक्टरांना सांगा, बाटली दाखवा. मोठं औषध द्यायचं ठरलं तर माणूस बदलू शकतो का, ते आधीच विचारून घ्या. बदलला तर जवळ काच, पेला, कातर ठेवू नका. आणि हवालदारांना म्हणा, दोन दिवसांनी या.

यंदाच्या होळीआधी पुन्हा कातरणी झाली. मी चाकाच्या खुर्चीतून उतरून पोत्यावर बसलो, पाठीला डोणीचाच आधार घेतला. वर्षभर घरात माझ्याशी कुणी वरच्या आवाजात बोललं नव्हतं. जेवण पुढ्यात येई, सगळे हळू बोलत, जणू मी अजून त्या खाटेवर होतो. त्या हळू बोलण्यानं मी आतून कुजत चाललो होतो. कातर हातात घेतली तेव्हा वहिनी आणि मंगल दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मंगलच्या भुवईवर अजून पांढरी रेघ आहे.

दुसऱ्याच मेंढीला माझ्या हातून चीर गेली.

दादा हळद घेऊन आला. जखम दाबली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हात मऊ झालेत तुझे. ऱ्हाऊ दे, तुझ्यानं नाय व्हत."

वहिनीच्या हातातली लोकर तशीच राहिली. मंगल उठून उभी राहिली. माझी मूठ कातरीवर आवळली, ती मला दिसली. तोच राग होता, कंबरेपासून कानापर्यंत चढणारा, ओळखीचा, आणि अंगात औषधाचा थेंब नव्हता. दादा वाकलेलाच होता. त्याचं कानशील माझ्या हाताच्या टप्प्यात होतं, जुन्या खुणेसकट. त्यानं ते मुद्दाम हलवलं नाही.

मी कातर फिरवली आणि मुठीकडची बाजू त्याच्या हातात दिली. "मग तू कातर," मी म्हणालो. "मी पाय धरतो."

आणि मी मेंढीचे पाय धरले.